गाडीमागचे घर आणि गाडीतले आजी-आजोबा

मार्च संपत आला की माझ्या दवाखान्यात एका ठरावीक प्रकारची वर्दळ सुरू होते. अमेरिकेतील मुला-मुलींकडे सहा महिन्यांसाठी निघालेली जोडपी तपासणीसाठी येतात. रक्तदाब पाहून घ्यायचा, सहा महिन्यांच्या औषधांची चिठ्ठी घ्यायची, गुडघ्यांविषयी थोडे बोलायचे आणि विमानातील सोळा-अठरा तासांची भीती व्यक्त करायची, हा त्यांचा नेहमीचा क्रम. गेल्या काही वर्षांत या संभाषणात एक नवा विषय शिरला आहे. आजोबा खिशातून मोबाइल काढून एक छायाचित्र दाखवतात. मोठी एसयूव्ही गाडी, तिच्या मागे जोडलेली दोन चाकांची पांढरी पेटी, पेटीला खिडकी आणि दार. “मुलाने कॅम्पर घेतलाय. उन्हाळ्यात आम्हा सगळ्यांना घेऊन फिरणार म्हणतो. हिला झेपेल ना?”

झेपेल की नाही, हे गुडघ्यांपेक्षा नियोजनावर अधिक अवलंबून असते. त्या देशात उन्हाळ्याच्या सुट्टीत घर मागे जोडून राष्ट्रीय उद्यानांकडे निघणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि निवृत्त मंडळींचे प्रमाणही त्यांत मोठे असते. वय हा या प्रवासातील अडथळा नव्हे. अडचण निर्माण होते ती निराळ्याच कारणाने. मुलगा ट्रेलरच्या वजनाचा, चाकांतील हवेचा, ब्रेकचा हिशेब चोख करतो. आणि आई-वडील “आमचं काय, आम्ही बसू मागच्या सीटवर” असे म्हणून स्वतःला त्या हिशेबाच्या बाहेर ठेवतात. वाचकहो, आपण त्या हिशेबाच्या आत आहात, तेही अक्षरशः.

प्रथम वजनाचेच पाहू. मध्यम आकाराच्या एसयूव्हीची ओढण्याची क्षमता जाहिरातीत ठळकपणे छापलेली असते. पेट्रोल इंजिनाच्या अलीकडच्या टोयोटा हायलँडरची ती ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो आहे. त्याच गाडीच्या हायब्रिड प्रकाराची मात्र ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो. लहान कॅम्पर या मर्यादेत सहज बसतो आणि सारे निश्चिंत होतात. परंतु चालकाच्या दाराच्या चौकटीवर आणखी एक लहानसे लेबल चिकटवलेले असते. गाडीतील सर्व माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेले असते. मागच्या ट्रेलरचा जो भार जोडणीच्या हुकावर, म्हणजे हिचवर येतो, तोही याच मर्यादेतून वजा करावा लागतो.

उदाहरण घ्या. लेबलवर ५९० किलो लिहिले आहे. मुलगा ८० किलो, सून ६५, दोन नातवंडे मिळून ६०, आजोबा ६८, आजी ६२. बेरीज झाली ३३५. भरलेला ट्रेलर १,३०० किलोचा असेल, तर हिचवर सुमारे १६० किलो येतील. एकूण ४९५. उरले ९५ किलो, आणि त्यात हिचचे लोखंड, बर्फाची पेटी, घडीच्या खुर्च्या, पिशव्या आणि आजींची चाकांची खुर्ची. आपण दोघांनी गाडीत बसण्यापूर्वी हा हिशेब वेगळा होता. तेव्हा मुलाने “बाबा, तुमचं वजन किती?” असे विचारले तर विनोद समजू नका आणि दोन किलो कमीही सांगू नका.

हिचवर भार का हवा, हे ज्यांनी लहानपणी बैलगाडी पाहिली आहे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. ओझे मागच्या बाजूस जास्त झाले की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त झाले की तेच जू मान दाबते. ट्रेलरचे शास्त्र हेच आहे. त्याच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढे, हिचवर असावा असा सर्वमान्य नियम आहे. तो कमी पडला की ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे डुलू लागतो आणि पुढची गाडीही ओढली जाते. म्हणून ऐनवेळी “ही एक पिशवी मागे टाक रे” असे म्हणून तांदळाचा दहा किलोंचा पुडा ट्रेलरच्या शेपटीकडे ठेवू नये. सामान कोठे जावे हे ज्याने गाडी भरली त्याला विचारावे.

आणि कधी तसे डुलणे सुरू झालेच, तर चालकाने जोराने ब्रेक मारायचा नसतो. वेगाच्या पायवरून पाय काढायचा, चाक सरळ धरायचे आणि सोय असेल तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने हळूहळू लावायचा, ही त्याची रीत आहे. ते काही क्षण अत्यंत मोलाचे असतात. मागच्या सीटवरून “अरे, हळू! अरे, थांब!” अशी हाक तेव्हा उपयोगाची नसते. ओठ मिटून बसणे कठीण आहे, हे मी जाणते.

आता एका स्वाभाविक इच्छेविषयी. आजोबांना दुपारी आडवे होण्याची सवय असते. मागे अंथरूण घातलेला पलंग आहे, तर “मी तास दोन तास तिथे पडतो” असे मनात येणारच. हे कदापि करू नये. ट्रेलरमध्ये आसनपट्टे नसतात, आपण पडलो तर पुढे कोणाला कळत नाही, आणि चालत्या ट्रेलरमध्ये माणसे बसवणे कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत कायद्यानेही निषिद्ध आहे. चाके फिरत आहेत तोवर मागचे घर आपल्यापासून पुण्यातील घराइतकेच दूर आहे, असे समजावे.

याच वाक्यातून औषधांचा नियम निघतो. औषधांची पिशवी, साखरेची पुडी, पाण्याची बाटली, इन्हेलर, जिभेखाली ठेवायची गोळी, चष्मा आणि श्रवणयंत्राचे सेल हे सारे गाडीत, आपल्या हाताशी असावे. ट्रेलरच्या कपाटात नव्हे. इन्सुलिनची तर विशेष काळजी घ्यावी. ट्रेलरला छोटा फ्रीज असतो खरा, पण अनेक ट्रेलरांत तो गॅसवर चालतो आणि वाहन चालू असताना गॅस बंद ठेवणे सुरक्षित असते. म्हणजे वाटेत तो फ्रीज थंड असेलच असे नाही. आणि मुक्कामी पोहोचल्यावर तो इतका गार होऊ शकतो की बर्फाच्या कप्प्यालगतचे इन्सुलिन गोठते. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर निर्मळ दिसले तरी वापरू नये. इन्सुलिन उष्णतारोधक पिशवीत, बर्फाला थेट न चिकटता, कापडात गुंडाळून जवळ ठेवावे. बंद गाडीत उन्हात ते पंधरा मिनिटेही विसरू नये. जेवायला उतरताना पिशवी सोबत घ्यावी.

पण माझ्या मते या प्रवासात ज्येष्ठांना सर्वाधिक अपाय होतो तो न मागितलेल्या थांब्यांमुळे. सॅन होजेहून योसेमिटीची दरी तीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला वेगमर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर आहे. घाटात त्याहूनही सावकाश जावे लागते. मागे ट्रेलर असला की कोठेही चटकन वळून थांबता येत नाही, लांब जागा शोधावी लागते. मुलाला हा त्रास नको म्हणून आई सकाळपासून पाणीच पीत नाही. वडील पाय सुजण्यासाठी दिलेली लघवीची गोळी त्या दिवशी परस्पर गाळतात. दोन्ही गोष्टी प्रेमापोटी होतात आणि दोन्ही घातक आहेत. पाणी कमी, उन्हाळा, सहा तास दुमडलेले पाय: पायाच्या खोल रक्तवाहिनीत गुठळी होण्यास यापेक्षा अनुकूल परिस्थिती कोणती? मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर लघवीवाटे पाणी अधिकच जाते. हृदय दुबळे असलेल्या माणसाने लघवीची गोळी गाळली, तर दुसऱ्या रात्री डोंगरातील थंड हवेत धाप लागून उठण्याची वेळ येऊ शकते.

गोळीची वेळ बदलता येते. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून ती मुक्कामी पोहोचल्यावर घेण्याचे ठरवता येते. आणि थांबे आधीच ठरवता येतात. दीड ते दोन तासांनी एक, या हिशेबाने मुलाने नकाशावर मोठ्या वाहनांना जागा असलेले विश्रांतीचे थांबे नोंदवावेत. गंमत अशी की ट्रेलरलाही हेच हवे असते. निघाल्यावर काही अंतराने थांबून हिचची कडी, साखळ्या, दिव्यांची वायर, चाकांच्या टोप्यांची उष्णता हाताने तपासावी, असा जाणत्या चालकांचा शिरस्ता आहे. मुलगा चाके तपासतो तेवढ्यात आपण पाच-सात मिनिटे चालावे, टाचा वर-खाली कराव्यात, स्वच्छतागृहात जाऊन यावे आणि मग पेलाभर पाणी प्यावे. गाडीत बसल्या बसल्याही पाऊल वर ओढणे, खाली दाबणे हा व्यायाम करता येतो. संध्याकाळी दोन्ही घोट्यांवर थोडी सूज दिसली तर ती बहुधा बसण्याची असते, अम्लोडिपिन घेणाऱ्यांना थोडी अधिकच जाणवते. मात्र एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, किंवा एकाएकी धाप लागली, छातीत दुखू लागले, तर तेथेच ९११ ला फोन लावावा.

मुक्कामी पोहोचल्यावरचा पहिला तास हाही जोखमीचा. माझा सल्ला स्पष्ट आहे: आजोबांनी ट्रेलर मागे घेताना मार्गदर्शन करू नये. “येऊ दे, येऊ दे, डावीकडे घे” असे सांगत गाडीमागे उभे राहण्याची आपल्या पिढीला हौस आहे. तथापि ट्रेलर मागे घेताना गाडीचे चाक ज्या बाजूस वळवावे त्याच्या उलट बाजूस ट्रेलरची शेपटी जाते. त्यामुळे “डावीकडे” या शब्दाचा अर्थ दोघांच्या मनात वेगळा असतो. शिवाय चालकाला ट्रेलरच्या मागचे काहीच दिसत नाही. आपण त्याच्या आरशात दिसत नसू, तर आपण त्याच्या लेखी तेथे नाहीच. ऐकू कमी येत असेल तर हा प्रश्नच मिटला. नातवंडांचा हात धरून दूरच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसणे हे या वेळचे महत्त्वाचे काम आहे.

चाकांना अडसराचे ठोकळे लावून ट्रेलर गाडीपासून सुटा करीपर्यंत आणि चारही कोपऱ्यांचे टेकू खाली येईपर्यंत आत पाऊल टाकू नये. एकाच आसाचा लहान ट्रेलर सुटा असताना कोणी मागच्या टोकाला जाऊन उभे राहिले तर तो पुन्हा आपल्या बैलगाडीसारखा उलाळू शकतो. त्यानंतरही दाराची पायरी तपासावी. ती बहुधा अरुंद, लोखंडी, घडीची आणि आपल्या गुडघ्याला उंच असते. खाली रुंद, न घसरणारा पाट ठेवावा. दाराजवळ पकडायला दांडी बसवून घ्यावी. उतरताना तोंड आतल्या बाजूस करून, शिडी उतरतो तसे उतरावे.

हे सारे आवरेपर्यंत संध्याकाळचे सात वाजतात आणि चूल पेटायची असते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा जेवणाआधीचे इन्सुलिन घड्याळ पाहून घेतले आणि जेवण तासभर लांबले, तर साखर झपाट्याने उतरते. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही लक्षणे प्रवासाच्या शिणवट्यावर ढकलली जातात. ताट समोर आल्यावरच औषध, हा त्या दिवसापुरता नियम करावा आणि पोहोचल्याबरोबर दशम्या, केळे, सँडविच असे काहीतरी खाऊन घ्यावे. सूनबाईंनी स्वयंपाक लवकर उरकावा अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा हे बरे.

रात्रीविषयी दोन गोष्टी सांगते. पहिली शौचाची. लहान कॅम्परांत शौचालय असेलच असे नाही, आणि सार्वजनिक स्वच्छतागृह अंधारातून बरेच अंतर चालून जाण्याइतके दूर असू शकते. प्रोस्टेटमुळे रात्री तीनदा उठणाऱ्या गृहस्थांनी लघवीचे भांडे सोबत न्यावे. त्यात कमीपणा कसला? आजींसाठी घडीचे, बैठकीचे शौचपात्र मिळते. पलंगाशी टॉर्च आणि पायात मागे पट्टा असलेली पादत्राणे हवीत. अंधारात अनोळखी पायरीवरून पडून खुब्याचे हाड मोडले, तर कुटुंबाची सहलच नव्हे, पुढचे सहा महिने बदलतात.

दुसरी गोष्ट वायूची. डोंगरात उन्हाळ्यातही रात्री थंडी पडते. ऊब यावी म्हणून आतली गॅसची शेगडी पेटती ठेवणे, किंवा दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी आत घेणे म्हणजे मृत्यूला बोलावणे होय. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला गंध नाही, रंग नाही. डोकेदुखी, मळमळ, गुंगी, गोंधळणे ही त्याची लक्षणे. आणि ती वयस्क माणसात “दमलेत बिचारे” या सदरात जमा होतात. एकाच ट्रेलरमधील दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर औषधाची गोळी शोधत बसू नका; सर्वांना बाहेर मोकळ्या हवेत काढा आणि मदत बोलवा. ट्रेलरमध्ये या वायूची सूचना देणारे यंत्र असते. ते रात्री वाजले तर त्रासिकपणे बंद करू नये, आणि निघण्यापूर्वी त्याचे सेल व त्यावर छापलेली मुदत पाहून घ्यावी.

मुक्कामाची उंचीही मुलांना विचारा. योसेमिटीची दरी समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडी खालीच. त्याच उद्यानातील ट्युओलमी मेडोज सुमारे २,६०० मीटरवर, आणि टायोगा खिंड ३,०३१ मीटरवर. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरचे आहे, यावरून कल्पना यावी. खिंड गाडीतून ओलांडणे वेगळे आणि तेवढ्या उंचीवर झोपणे वेगळे. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, हृदय किंवा फुप्फुसे दुबळी असतील, रक्त फार कमी असेल, तर मुक्काम दरीतच ठेवावा.

योसेमिटीच्या उद्यानातील तळांवर ट्रेलरला वीज-पाण्याची जोडणी मिळत नाही आणि जनरेटर ठरावीक तासांतच चालवता येतो. झोपेत श्वासासाठी यंत्र लावणाऱ्यांनी रात्रभर पुरेल अशा बॅटरीची व्यवस्था आधी पाहावी. भारतातून नेलेला नेब्युलायझर तेथील १२० व्होल्टवर चालतो का, हे त्याच्या पाठीवर वाचावे; “१००-२४०” असे लिहिले नसेल तर तेथेच दुसरा घ्यावा. औषधांच्या यादीत मूळ औषधाचे नाव असावे, कंपनीचे नव्हे. आपले पॅरासिटामॉल तेथे अॅसिटामिनोफेन या नावाने ओळखले जाते. सर्दीच्या मिश्रणातही ते असते, त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा पोटात जाऊ शकते. डोंगरात मोबाइल लागेलच असे नाही, म्हणून ही यादी आणि आरोग्यविम्याचा क्रमांक कागदावर, पाकिटात ठेवावा.

डिंकाचे लाडू न्यायला हरकत नाही. मात्र तेथील अस्वलांना वास फार दुरून येतो, आणि ती गाडीच्या काचा फोडतात. रात्री लाडवांचा डबा, तसेच आपला डोकेदुखीचा बाम आणि सुगंधी तेलही, गाडीत न ठेवता तळावरील लोखंडी पेटीत ठेवावे लागते. बामाची बाटली त्या पेटीत ठेवायला आजींचा विरोध असतो, त्यांची समजूत घालावी.

मुलांना एक विनंती. मोठ्या सहलीच्या दोन आठवडे आधी ट्रेलर घरासमोर उभा करा, टेकू लावा आणि आई-बाबांना त्यात एक रात्र झोपू द्या. पलंगावर चढता येते का, रात्री दिवा कोठे लागतो, पायरी किती वेळा आडवी येते, पहाटे पाठ धरते का, हे सारे त्या एका रात्रीत कळते, आणि घराचे दार दहा पावलांवर असते. सकाळी आई “मला नाही जमायचं” म्हणाली तर तळाजवळचे एखादे विश्रामगृह त्या दोघांसाठी तेव्हाच राखून ठेवा. उन्हाळ्यात तिकडच्या खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात.